चित्राखालचं नाव

लढाई नुकतीच संपली होती. मी अकरा वर्षांची होते आणि अंथरुणावर होते. मांडीच्या हाडाला कीड लागली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. वर्षभर हलायचं नाही. आमचं घर उमेळ्याला, वाडीतच. केळी, पानवेली आणि थोडी फुलझाडं. माझी खाट ओसरीवर मांडली होती, कारण आई दिवसभर तिथे बसून विड्याची पानं लावायची आणि तिचा एक डोळा माझ्यावर राहायचा.

मराठी चौथीनंतर मी इंग्रजी शाळेत गेले होते आणि इंग्रजी दुसरीत, म्हणजे आताच्या सहावीत होते. आमच्या घराण्यात चौथीपुढे गेलेली मी पहिली मुलगी. मुलगेही फारसे गेले नव्हते. मी आजारी पडल्यावर भेटायला येणारी माणसं आईला समजावून जात, की झालं ते पुष्कळ झालं, आता पाय बरा होऊ दे, पोरीला कुठे कचेरीत जायचंय. आई मान डोलवायची. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. बाबा मात्र ऐकून न ऐकल्यासारखे उठून विहिरीवर जायचे.

एके दिवशी बाबा शाळेत जाऊन आले. तिथे त्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. त्यांना चार माणसांत नीट बोलता येत नसे. पण हेडमास्तरांनी एक सवलत दिली. एप्रिलमध्ये ते स्वतः घरी येऊन माझी परीक्षा घेणार होते. पास झाले तर तिसरीत नाव राहणार, नाहीतर पटावरून निघणार. आणि एकदा पटावरून नाव निघालं, की आमच्या घरात ते पुन्हा कोणी चढवणार नाही, हे मला आणि बाबांना दोघांनाही ठाऊक होतं.

शिकवायला चित्रकलेचे मास्तर येऊ लागले. त्यांचं घर आमच्या वाडीवरून पुढे होतं, एवढंच त्यामागचं कारण. पांढरं धोतर, काळा कोट, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. बुधवारी आणि रविवारी यायचे, गणित-भाषा-भूगोल शिकवायचे, आणि जाताना बाबांनी दिलेला केळ्यांचा फणा अवघडून हातात धरून निघायचे. शिकवणीचा दुसरा काही मोबदला त्यांनी घेतला नाही.

पण मी शिकत नव्हते. खोटं कशाला सांगू. मी पाटी छातीवर ठेवून छपराकडे बघत पडायचे. मास्तर विचारायचे, मी गप्प. हातात पेन्सिल धरायचा कंटाळा येई. सगळ्या मुली शाळेच्या पटांगणात असतील आणि मी इथे केळीची पानं हलताना बघते आहे, हा विचार आला की डोळ्यांत पाणी यायचं आणि तेही पुसायला उठून बसता येत नसे. ते कानात जायचं.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी मास्तरांनी पुस्तक उघडलंच नाही. जुन्या मासिकातून काढलेलं एक रंगीत चित्र त्यांनी माझ्या खाटेसमोर भिंतीला टाचणीने लावलं. एक बाई हातात दिवा धरून दारात उभी आहे, एवढंच.

"हे माझं आहे, तुला दिलेलं नाही," ते म्हणाले. "बुधवारपर्यंत बघत राहा. बुधवारी मी हे उलटं करून लावणार आणि तू मला सांगायचं, यात काय काय आहे ते."

"दिवा आहे आणि बाई आहे," मी म्हटलं.

"एवढंच असेल तर बुधवारी एवढंच सांग. मी लवकर घरी जाईन."

बुधवारी त्यांनी चित्र उलटं केलं तेव्हा मी अर्धा तास बोलत होते. दिव्याचा उजेड बाईच्या हनुवटीवर खालून पडतो आणि त्यामुळे कपाळ काळोखात राहतं. तिच्या मागे उंबऱ्यावर एक चप्पल आहे, दुसरी नाही. पदराचं टोक वाऱ्याने उडतंय, तरी ज्योत सरळ आहे, म्हणजे तिने दुसऱ्या हाताचा आडोसा केला असणार, पण तो हात आपल्याला दिसत नाही. मास्तर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे सगळं आता पाटीवर लिही." मी लिहिलं. कितीतरी दिवसांनी मी काही लिहिलं होतं.

असा आमचा पाठ सुरू झाला. चित्रासाठी लिहायचं, लिहिण्यासाठी व्याकरण, आणि चौकटीचं माप काढायला गणित. पण मास्तरांच्या मनात आणखी एक होतं. सुटी सुटी चित्रं बघून उपयोग नाही, असं ते म्हणत. एकाच चित्रकाराची पाच-सहा चित्रं समोर हवीत. मग तो माणूस ओळखीचा होतो, शेजारच्या घरातल्यासारखा. पण ती आणायची कुठून? शाळेत एक मोठा चित्रसंग्रह होता, तो कपाटाबाहेर निघत नसे. दुकानातली छापील चित्रं लढाईने कागदासकट महाग करून ठेवली होती, आणि आमच्या घरात चित्र विकत घेणं ही कल्पनाच कुणाला सुचली नसती.

बाबांना सुचली. ते आठवड्यातून तीनदा पानं आणि फुलं घेऊन मुंबईच्या बाजारात जायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रद्दीवाला बसायचा. त्याच्याकडे जुनी कॅलेंडरं, कापडाच्या गाठींवरची चित्रं, बिस्किटांच्या डब्यांवरचे कागद, साहेब लोक मायदेशी जाताना टाकून गेलेली मासिकं, असं सगळं ढिगाने पडलेलं असे. बाबांनी त्याच्याशी ओळख काढली. पैशाची बात नव्हतीच. त्या रद्दीवाल्याला सुकेळी फार आवडायची. आमच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवत, तीच ही सुकेळी. बाबा वाळक्या पानात बांधलेली एक पुडी न्यायचे आणि एक चित्र घेऊन यायचे. चित्र दुमडू नये म्हणून केळीच्या बुंध्यावरून सोललेल्या दोन सोपटांमध्ये घालून आणायचे. त्यामुळे आमच्या प्रत्येक चित्राला एक ओलसर तपकिरी कड असायची.

"कसलं पाहिजे ते सांग," बाबा विचारायचे.

"एकाच माणसाचं पाहिजे, बाबा. एकाच चित्रकाराचं."

"आणि ते कळायचं कसं मला?"

"खाली नाव असतं बघा, बारीक अक्षरात."

मीच सांगितलं हे. बाबांनी आणलेल्या पहिल्या चित्राच्या तळाशी इंग्रजीत एक नाव होतं आणि त्यापुढे एका गावाचं नाव. आमच्याकडे कुणी अर्ज लिहिला, पिशवीवर नाव घातलं, अगदी भांड्यावर नाव कोरून घेतलं, तरी आधी माणसाचं नाव आणि मग गाव. त्यामुळे मला शंकाच आली नाही. चित्रकाराचं नाव आणि त्याचं गाव. मी ते नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाबांना दिलं. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते तो कागद खिशात ठेवून रद्दीच्या ढिगाशी उकिडवे बसायचे आणि अक्षराला अक्षर लावून बघायचे. रद्दीवाला म्हणे त्यांना हसायचा. "शेठ, देव बघून घ्या की, खालचं काय बघता?"

याच सुमारास मास्तरांची आई गेली आणि ते आपल्या गावी निघून गेले. सव्वा महिना तरी येणार नाही, म्हणाले. जाताना मला सांगून गेले, "परत येईन तेव्हा तुझ्या चित्रकारावर एक निबंध लिहून ठेव. तो चांगला झाला तर हेडमास्तरांना परीक्षेला तोच दाखवू."

त्या सव्वा महिन्यात भिंतीवर नऊ चित्रं झाली. बाळकृष्ण आणि वासरू. घागर घेऊन निघालेली बाई. वादळातली होडी. कमळावरची लक्ष्मी. साबणाच्या फेसात बसलेलं गोरं मूल. खिडकीशी बसून बाळाला पाजणारी आई. बर्फातलं कुठलंसं गाव. झाडाखाली पोथी वाचणारा म्हातारा. आणि एक वाघ. नऊही चित्रांखाली तेच नाव, तेच गाव. मी थक्क झाले होते. केवढा मोठा हा माणूस! याने बर्फ पाहिला, वाघ पाहिला, लक्ष्मीसुद्धा काढली.

येणारंजाणारं माणूस भिंतीपुढे थांबायचं. पाचूबंदरची एक कोळीण टोपली घेऊन आमच्याकडे यायची. ती घोटभर पाणी प्यायला ओसरीवर टेकली, की चित्रांची हजेरी घ्यायची.

"काय गो बाय, आज नवा कोन पावना?"

"वादळ आहे, मावशी. समुद्र."

ती पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली आणि मग फस्सकन हसली. "कुनी काढलाय ह्यो? शीड फुगलंय इकडं आनि बावटा उडतोय तिकडं. वारा काय दोन बापांचा हाय? ह्या माणसानं दर्या पायला नाय, सांगते तुला."

मला राग आला. "मोठा चित्रकार आहे तो!"

"असंल मोठा. होडीत बसवू नको त्याला. पानी दे आता."

मी तिचं म्हणणं निबंधात घेतलं नाही. निबंध आठ पानांचा झाला. रोज सकाळी दूध प्यायले की लिहायला घ्यायचे. चित्रकाराने पुष्कळ प्रवास केला असावा, असं लिहिलं. तो सर्व धर्मांना मान देणारा असावा, असं लिहिलं. त्याला मुलं आवडत असावीत, कारण काळं आणि गोरं, दोन्ही मुलं त्याने सारख्याच मायेने काढली आहेत. शुद्धलेखनासाठी आठही पानं दोनदा उतरवून काढली. बाबा पानांची टोपली उतरवून ठेवत आणि विचारत, "किती झालं?" मी लिहिलेली पानं दाखवली की नुसतं "हं" म्हणत. पण त्या "हं"मध्ये काय होतं ते मला कळायचं.

एका रविवारी मास्तर आले ते मुंडणानंतरचे बारीक केस उगवलेले, वाळलेले. मी त्यांना नीट बसूही दिलं नाही. त्यांनी भिंत पाहिली, निबंध हातात घेतला, आणि तिसऱ्या पानावर थांबले. मग उठून एकेका चित्राच्या तळाशी वाकून बघून आले. परत येऊन बसले. बाबा त्यांच्यासाठी शहाळं सोलत होते.

"हे नाव," मास्तर हळूच म्हणाले, "चित्रकाराचं नाही, बाळ. हा छापखाना आहे. ज्यांनी छापलं त्यांचं नाव, आणि छापखान्याचं गाव. चित्र काढणारे वेगवेगळे असतील. नऊ चित्रांचे कदाचित नऊ जण."

बाबांचा कोयता थांबला.

मास्तर पुढे पुष्कळ बोलले. चूक माझी, मी सांगायला हवं होतं, निबंधातली भाषा सुरेख आहे, असं काय काय. मला काही ऐकू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की बाबा माझा कागद खिशात घेऊन रद्दीत बसले होते आणि लोक त्यांना हसले होते, ते एका छापखान्यासाठी. मी म्हटलं, "काढून टाका सगळी. मला परीक्षा द्यायची नाही."

"बाय," बाबा म्हणाले.

"मला येत नाही काही. मी नाही देणार."

आणि मी कुशीवर वळून पाठ फिरवायला गेले, तर प्लास्टरमुळे तेही करता येईना. तोंडावर चादर घेतली.

मास्तर गेले. बाबा वाडीत गेले. दोन दिवस मी पाटीला हात लावला नाही. बुधवारी मास्तर येऊन तासभर बसून गेले, मी चादरीतून बाहेर आले नाही. एप्रिलला पाच आठवडे राहिले होते. आई तिच्या जागी पानं लावत होती. तिने समजूत काढली नाही. तिचं काम असं होतं, की त्यात बोलायला सवड नसे. वाडीत वेलींचे निरनिराळे वाफे होते. खुडलेली पानं टोपलीत एकत्र यायची. बाजारात पानांच्या चळतीत दोन वेलींची पानं मिसळली की व्यापारी चळत परत टाकायचा, कारण जुन्या वेलीचं पान टिकतं आणि नव्या वेलीचं आधी काळं पडतं, आणि ते शेजारच्या पानांनाही नासवतं. आकाराने दोन्ही सारखीच. आई पान नुसतं उचलायची, क्षणभर उजेडात धरायची आणि आपापल्या ढिगात टाकायची. एका वेलीच्या पानांचा वळण्याचा ढंग एक असतो, असं ती म्हणायची.

गुरुवारी दुपारी ती उठली, हात पुसले आणि भिंतीपाशी गेली. मला वाटलं चित्रं काढायला गेली. तिने खरंच टाचण्या काढल्या. सगळी चित्रं घेऊन माझ्या खाटेशी जमिनीवर बसली, आणि पानं लावतात तशी लावू लागली. एक इकडे, एक तिकडे. मी चादरीच्या कडेने बघत होते.

"काय करतेस?"

"मास्तर म्हणाले ना, वेगवेगळ्या हातांची आहेत. मग वेगळी करते. मिसळ कशाला ठेवायची?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे मी आईला म्हटलं. आज लिहितानाही जीभ चावावीशी वाटते. आईला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने तीन चित्रं बाजूला काढून माझ्या छातीवर ठेवली. घागरीवाली बाई, खिडकीतली आई आणि पोथी वाचणारा म्हातारा.

"ही तीन एका हातची."

"कशावरून?"

"पानं बघ."

मी बघितलं. मी या चित्रांवर किती लिहिलं होतं, पण पानांवर एक ओळ लिहिली नव्हती. बाईच्या वाटेवर केळ होती. खिडकीत तुळशीची कुंडी होती. म्हाताऱ्यावर वडाची फांदी आली होती. तीन झाडं तीन जातींची. पण तिन्हीत एखादं तरी पान उलटं होऊन पाठ दाखवत होतं, आणि त्या पाठीला फिकट, जवळजवळ पांढरा रंग होता.

"ह्याने पानाची पाठ बघितलीय," आई म्हणाली. "बाकीच्यांनी नाही बघितली. ह्या लक्ष्मीचं कमळ बघ. कागदाचं आहे. वाघाचं गवत तर बाजारातल्या झाडूचं."

मला हसू आलं. चार दिवस न हसल्यामुळे ते खोकल्यासारखं बाहेर आलं.

"आणि मावशी म्हणाली ते," मी म्हटलं, "होडीवाल्याने दर्या बघितला नाही."

"मग तो निराळा. ठेव तिकडे."

आई पुन्हा टोपलीकडे गेली, कारण पानं सुकायला लागली होती. मी ती तीन चित्रं संध्याकाळपर्यंत सोडली नाहीत. उताणं पडून डोळ्यांपुढे धरायची आणि हात भरून आले की खाली ठेवायची. पानं झाली, मग मी बोटं बघितली. तिन्ही चित्रांत करंगळी इतर बोटांपासून जरा सुटी होती. मग पाय. तिन्ही चित्रांत त्याने पाय झाकले होते, पदराने, गवताने, पोथीच्या सावलीने. या माणसाला पाय काढता येत नसावेत, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी तो मला फार आवडला. आणि शेवटी, उजेड जाता जाता, वडाच्या मुळाशी गवतात एक बारीकशी खूण दिसली, गळाच्या आकड्यासारखी. घागरीवालीच्या वाटेवर खड्यांत तशीच खूण. खिडकीच्या चित्रात ती कुंडीच्या कडेला होती. नाव नव्हतं. पण एका माणसाने तीनदा केलेली खूण होती.

"आई! आई गं, ये ना!"

आईने ती पाहिली आणि म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" आणि लगेच, "तुला दिसलं हो ते, मला नव्हतं दिसलं."

रविवारी मास्तरांनी भिंग आणलं. तिन्ही खुणा पाहिल्या. मग ओसरीच्या टोकाशी पानं लावत बसलेल्या आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, पंधरा वर्षं मी मुलांना पान काढायला शिकवतोय. पाठ काढा असं एकदाही सांगितलं नाही."

आईने पदर डोक्यावर ओढला. "तुम्ही काढायला शिकवता, मास्तर. आम्हाला नुसती निवडायची असतात."

मी नवा निबंध लिहायला घेतला. त्या चित्रकाराचं नाव मला माहीत नव्हतं, त्यामुळे त्याने कुठे प्रवास केला, त्याला काय आवडत होतं, यातलं काही लिहिता येईना. जे दिसतं तेवढंच लिहायचं. ते फार अवघड गेलं. चारच पानं झाली. पुढे कॉलेजात, पदवीच्या वर्षात, माझ्या प्राध्यापकांनी एकदा विचारलं की तुला पुरावा मागायची सवय कुठे लागली. मी त्यांना पानांचं सांगितलं तर त्यांना ते नीट कळलं नसावं. ते म्हणाले, छान.

एप्रिलमध्ये हेडमास्तर आले. ओसरीवर खुर्ची मांडली होती. बाबा त्या दिवशी बाजारात गेले नव्हते. ते अंगणात उगीचच एका पेरूच्या झाडाला आळं करत होते, जिथे आळं आधीच होतं. हेडमास्तरांनी गणित घातलं, इंग्रजीचे शब्द विचारले, नकाशा काढायला लावला. मग निबंध वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी तीन चित्रं मागितली आणि स्वतः खूण शोधू लागले. त्यांना वडाखालची सापडली, घागरीवालीची सापडली, कुंडीवरची काही केल्या सापडेना. मला बोट दाखवायचा मोह होत होता. चित्रकलेच्या मास्तरांनी डोळ्यांनीच मला गप्प बसवलं. शेवटी ती त्यांना सापडली आणि ते लहान मुलासारखे "अरेच्चा!" म्हणाले.

"हिचं नाव राहील," ते उठताना म्हणाले. "इंग्रजी तिसरी."

बाबांनी कुदळ टाकली. त्यांना वाटलं असावं की काहीतरी बोललं पाहिजे. ते हात जोडून नुसते उभे राहिले आणि मग धावत जाऊन केळ्यांचा सबंध घड घेऊन आले, जो हेडमास्तरांना एकट्याला उचलणं शक्यच नव्हतं.

मे महिन्यात प्लास्टर निघालं. काठी घेऊन दहा पावलं चालता येऊ लागलं, शाळा मात्र दीड मैलावर. शाळा सुरू झाली त्या दिवशी बाबांनी स्टेशनला माल नेणारी बैलगाडी आधी शाळेकडे वळवली. पानांच्या टोपल्या, फुलांचे हारे, आणि मध्ये पेंढ्यावर मी, नवं दप्तर मांडीवर. पानं ओली असल्यामुळे माझा परकरही एका बाजूने ओला झाला होता. फाटकाशी मुली जमल्या. मास्तर पुढे आले.

बाबा गाडीवरून उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मास्तर, माल आणलाय. जरा जपून उतरवून घ्या. ही चळत मिसळीची नाही."